महिन्याचा पहिला रविवार

शनिवारी संध्याकाळी आई इस्त्री काढायची. वाफेचा तो ओलसर वास आजही कुठे आला, एखाद्या लाँड्रीवरून जाताना वगैरे, तर माझा हात नकळत कॉलरकडे जातो. आईचा निळा ड्रेस आणि माझा गुडघ्याखाली पोचणारा करडा स्कर्ट, दोन्ही कडक इस्त्री करून ती हॉट प्रेसच्या दाराला हँगरने अडकवायची. हॉट प्रेस म्हणजे आयर्लंडच्या घरांमधलं गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. टॉवेल, चादरी त्यात उबदार राहतात. आमच्याकडे चादरींच्या मागे, बाबांच्या मफलरमध्ये गुंडाळलेले देवही तिथेच होते. बाप्तिस्मा घेतल्यावर घरात देव्हारा ठेवायचा नाही हे आईचं तिनेच ठरवलं होतं, पण देव पाण्यात सोडायला काही तिचा हात धजेना. "तिथे निदान उबेत राहतील," म्हणाली. नागपूरच्या काकाने फोनवर घसा खाकरून विचारलं, "वहिनी, तुम्ही धर्म बदललात म्हणे?" तेव्हा आईने जराही न अडखळता उत्तर दिलं, "बदलला नाही भाऊजी, वाढवला."

मी सतरा वर्षांची होते. आयर्लंडच्या सदा पावसाळी स्लायगो गावात एका वसाहतीतल्या जोडघरात आम्ही दोघीच, आई आणि मी, राहत होतो आणि दर रविवारी न चुकता मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चला जात होतो. त्यातल्या कशावरही माझा विश्वास उरला नव्हता. वर्ष होत आलं होतं आणि हे कुणालाच माहीत नव्हतं. ते कळू नये म्हणून मी काय काय करायचे ते आठवलं की त्या मुलीची कीव येते आणि थोडा रागही येतो. मॉर्मन लोक चहा पीत नाहीत. त्यामुळे आमच्या घरातून चहाचा डबा गेला होता. मी मैत्रिणीकडे चहा प्यायचे, मग घरी येईपर्यंत पेपरमिंट चघळत राहायचे आणि तरीही जेवताना आईच्या नाकाकडे बघत बसायचे. भीती देवाची नव्हती. देव असता तर त्याच्याशी काहीतरी बोलणी करता आली असती. मला भीती होती ती आमच्या हॉलमधल्या सोफ्याची.

ते समजायला थोडं मागे जावं लागेल. बाबा तिथल्या एका औषधांच्या कारखान्यात इंजिनियर होते. मी नऊ वर्षांची असताना आम्ही नागपूरहून आलो. मी चौदाची असताना एका सकाळी बाबा कामावर निघायला म्हणून जिन्याच्या पायरीवर बूट घालायला बसले ते उठलेच नाहीत. काका आला, पंधरा दिवस राहिला, परत गेला. तो गेला त्या दिवशी आई सोफ्यावर आडवी झाली आणि तिथेच राहिली. टीव्ही चालू, आवाज बंद. केस विंचरलेले नाहीत. अंगावर गाऊन, त्यावर बाबांचं जाकीट, पायांत बाबांचेच मोजे. मी शाळेतून आले की आधी हॉलच्या खिडकीतून आत बघायचे. सोफ्याच्या हातावरून तिची पावलं बाहेर आलेली दिसायची. मोज्यांतली बोटं हललेली दिसली की मगच मी आत जायचे. कधी पटकन हलायची, कधी पावसात पाच-पाच मिनिटं उभं राहावं लागायचं. एकदा हललीच नाहीत. मी काचेवर आधी नखांनी, मग मुठीने वाजवलं. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मग तिने पाय आत घेतला. तिला नुसती झोप लागली होती. मी बागेतल्या कुंड्यांपाशी उलटी केली, तोंड पुसलं आणि आत जाऊन विचारलं, "आई, खिचडी टाकू?"

खिचडी टाकायला मी तेव्हाच शिकले. पहिली करपली, दुसरी पातळ झाली, तिसरी बरी. ती दोन घास खायची आणि ताटली पोटावर ठेवून छताकडे बघत राहायची. नागपूरहून फोन आला की मी सांगायचे, आई अंघोळीला गेलीय. आई दिवसातून चार-चार वेळा अंघोळीला जाते असं काकाला वाटत असणार. आणि एका संध्याकाळी, माझ्याशी नाही, छताशी, ती अगदी साध्या आवाजात बोलली, "मला ह्यांच्याकडे जायचंय." एवढंच. त्या दिवसापासून भाजीची सुरीसुद्धा मी माझ्या दप्तरात ठेवून शाळेत नेऊ लागले. पकडले गेले असते तर काय झालं असतं कोण जाणे.

दोन मॉर्मन प्रचारक मुली आल्या त्या अशा घरात. जेमतेम विशीच्या, अमेरिकेतून आलेल्या, छातीवर नावाची काळी पट्टी. गावोगाव फिरून लोकांना आपला धर्म सांगणं हे त्यांचं काम. मी त्यांना घालवून द्यायला हवं होतं. पण कुणीतरी मोठं माणूस दारात आलंय, या एवढ्याच गोष्टीने मला रडू फुटलं. त्यांनी देवाचं नावही काढलं नाही. माझ्या खांद्यावरून त्यांना स्वयंपाकघर दिसलं आणि एकीने विचारलं, भांडी घासू का? त्या बाह्या वर करून सिंकपाशी उभ्या राहिल्या, नळ सुरू झाला, भांड्यांचा आवाज झाला आणि हॉलमधून माझ्या आईचा कित्येक दिवसांत न ऐकलेला आवाज आला, "अगं मेधू, पाहुण्यांना भांडी घासायला लावतात का?" आणि ती उठली. लोक साक्षात्काराच्या गोष्टी सांगतात. माझ्या आईचा धर्म खरकट्या कुकरपासून सुरू झाला.

पुढच्या खेपेला त्यांनी सांगितलं की मरणाने कुटुंब तुटत नाही. नवरा-बायको आणि त्यांची मुलं देवळात विधिपूर्वक एकमेकांशी बांधली गेली की ती बांधलेलीच राहतात, या जगात आणि पुढच्याही. माणूस आधीच गेलेलं असलं तरी चालतं. आईने हे माझ्याकडून तीनदा विचारून घेतलं. "नीट विचार. गेलेला असला तरी?" त्या मुली मान हलवत राहिल्या. त्या गेल्यावर आई बराच वेळ खुर्चीत बसून होती. खुर्चीत, सोफ्यावर नाही. "आपल्याकडे सातच जन्म," ती शेवटी म्हणाली, "हे तर कायमचं म्हणताहेत." दुसऱ्या दिवशी तिने केस धुतले. बाबांकडे जायची घाई आता उरली नव्हती. भेट ठरलेली होती, आणि ठरलेल्या भेटीसाठी आई कितीही वर्षं थांबू शकत होती.

आमचं चर्च म्हणजे एक बैठी इमारत. क्रूस नाही, घंटा नाही. भिंतीपर्यंत चढलेला तपकिरी गालिचा आणि बाहेर भलं मोठं पार्किंग. माणसं चाळीसच. त्यांचा प्रमुख फर्गल, आठवडाभर लोकांचे बॉयलर दुरुस्त करायचा आणि रविवारी सूट घालायचा. त्याला सगळे 'प्रेसिडेंट' म्हणायचे. बाकी सगळे ब्रदर नाहीतर सिस्टर. आई सिस्टर पाटणकर. पेटी वाजवणारं कुणी नव्हतं म्हणून एक यंत्र होतं, बटण दाबलं की भजनाची चाल सुरू व्हायची, आणि ती नेहमी लोक पुस्तक उघडायच्या आत सुरू व्हायची, त्यामुळे पहिली ओळ आम्ही कधीच धड गायलो नाही. नोरीन नावाची सत्तरीची एक बाई होती, तिने आईला बाबांची गाडी चालवायला शिकवली, हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाचा अर्ज भरून दिला, आणि माझ्या वाढदिवसाला दर वर्षी एकाच रंगाचा स्वेटर विणला. हे मी मुद्दाम सांगते, कारण विश्वास उडाल्याच्या गोष्टीत कुणीतरी दुष्ट असावं अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असते. तसं कुणी नव्हतं. ते इतके भले होते की पळून जायलासुद्धा वाट नव्हती.

महिन्याचा पहिला रविवार उपासाचा. मॉर्मनांचा उपास म्हणजे सलग दोन जेवणं सोडायची आणि पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. आईला पहिल्यांदा फक्त 'उपास' एवढंच कळलं. पहाटे उठून तिने चाळीस माणसांना पुरेल अशी साबुदाण्याची खिचडी केली, दाण्याचं कूट, जिरं, साजूक तूप, सगळं हात न आखडता, आणि ते पातेलं गाडीत माझ्या मांडीवर ठेवून चर्चला नेलं. सभेनंतर बाहेरच्या खोलीत तिने झाकण काढलं. आदल्या रात्रीपासून उपाशी असलेली चाळीस माणसं त्या वासात नुसती उभी राहिली. फर्गलने पातेल्यात डोकावून आवंढा गिळला. उपासाचं खाणं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि उपास म्हणजे खरोखर काही खायचं नाही हे आईला ठाऊक नव्हतं. तिला ते सांगायचा धीर कुणालाच होईना. शेवटी नोरीनने पर्समधून सँडविचचा रिकामा डबा काढला. "सिस्टर, मी माझ्या वाटणीचं घरी नेऊन संध्याकाळी खाल्लं तर चालेल ना?" पुढच्या महिन्यापासून सगळेच घरून रिकामे डबे आणू लागले.

त्या रविवारी प्रवचन नसतं. ज्याला वाटेल तो पुढे जाऊन माइकसमोर आपल्या विश्वासाची साक्ष देतो. मला माहीत आहे की देव आहे, मला माहीत आहे की हे सगळं खरं आहे, असं. आई दर महिन्याला जायची. मराठीत बोलायची. "दुकानात गल्ल्यावरच्या बाईशी इंग्रजीत बोलेन, देवाशी नाही," असं तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. मी शेजारी उभी राहून वाक्यावाक्याला इंग्रजी करायचे. पंधराव्या वर्षी मला ते काम फार आवडायचं. तेव्हा माझाही विश्वास होता, अगदी घट्ट, आईपेक्षा काकणभर जास्तच. आईचा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला की लोकांचे डोळे भरून यायचे आणि मला वाटायचं, बाबा मागच्या रांगेत बसून ऐकताहेत.

मग तो विश्वास गेला. कसा ते नीट सांगता येत नाही. भांडण नाही, पुस्तक वाचलं नाही, कुणी मनात काही भरवलं नाही. एका संध्याकाळी पलंगाशी गुडघे टेकून बाबांबद्दल काहीतरी विचारत होते आणि एकदम ध्यानात आलं की विचारतेही मीच आहे आणि उत्तरही मीच देतेय. मी उठले, दिवा लावला, पुन्हा गुडघे टेकले. खोलीत कुणी नव्हतं. त्या क्षणी बाबांसाठी वाईट वाटायला हवं होतं, पण मनात पहिला विचार आला तो असा, की आईला कळता कामा नये. आईचं उठणं, नोकरी, गाडी, वेणी घालणं, सगळं त्या एका गोष्टीवर उभं होतं, आपण तिघं पुन्हा एकत्र असणार या गोष्टीवर. त्यातली एक जण म्हणते की असं काही नसतंच. मग आई पुन्हा कुठे जाऊन पडणार, ते मला पक्कं ठाऊक होतं.  तेव्हापासून माइकपाशी आईची वाक्यं मी जराशी छाटू लागले. ती माझंही नाव घालून काही म्हणाली की मी ते गाळायचे. चर्चमध्ये मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि आईचं इंग्रजी यथातथाच, अशी माझी खात्री होती.

आणि मग देवळाचं ठरलं. विधी होतात ते देऊळ समुद्रापलीकडे इंग्लंडात होतं. बोटीने जायचं, दोन दिवस राहायचं. बाबांच्या जागी फर्गल गुडघे टेकून बसणार होता, आणि आईला याचं फार हसू यायचं. "बॉयलरवाल्याशी लग्न लागतंय माझं," ती भाजी चिरता चिरता म्हणायची आणि स्वतःच लाजायची. त्यानंतर मला त्या दोघांशी बांधायचं. आत जायला परवाना लागतो आणि त्यासाठी प्रेसिडेंट प्रत्येकाला एकेकटं बसवून प्रश्न विचारतो. विश्वास आहे का, नियम पाळतेस का, खरं बोलतेस का. माझी मुलाखत पुढच्या पहिल्या रविवारी, सभा संपल्यावर, ठरली. मी बाथरूममध्ये आरशासमोर 'हो' म्हणायचा सराव करू लागले. विश्वासाच्या प्रश्नाला हो म्हणताना डोळा लवायचा. खरं बोलतेस का, याला हो म्हणताना तर मान लाल व्हायची. मग मी मान झाकणारा पोलोनेकचा स्वेटर घालायचं ठरवलं.

तो रविवार आला. पाऊस आडवा लागत होता. गाडीत आई गुणगुणत होती आणि मी मनातल्या मनात 'हो' घोकत होते.  सभेत प्रसादाच्या ब्रेडचं ताट रांगेतून आलं; तो तुकडा उपासातही घेतात, पण विश्वास असेल त्यानेच. मी आईकडे बघून तुकडा उचलला, खाल्ला. मग साक्षींना सुरुवात झाली. नोरीन बोलली, फर्गलची बायको बोलली. आई उठली आणि तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मी मागोमाग गेले.

"मी मनीषा पाटणकर," आई म्हणाली. नेहमीची सुरुवात. मी सांगितली.

"पुढच्या महिन्यात मी माझ्या नवऱ्याला भेटायला जाणार आहे. भेटायलाच म्हणते मी." मी सांगितलं. लोक हसले, नोरीनने रुमाल काढला.

मग आई थांबली. माइककडे पाठ केल्यासारखी माझ्याकडे वळली आणि त्याच आवाजात, त्याच संथपणे म्हणाली, "माझ्या मुलीचा या सगळ्यावर विश्वास नाही."

माझ्या कानांत गरम पाणी ओतल्यासारखं झालं. समोर चाळीस चेहरे, हसतमुख, माझ्याकडे वळलेले, आईचं वाक्य इंग्रजीत ऐकायची वाट बघत. मी तोंड उघडलं. माझ्या तोंडून इंग्रजीत बाहेर पडलं की आईला मुलीची फार मदत होते.

आईने ऐकून घेतलं. "वर्ष झालं असेल. ती सांगत नाही, पण मला दिसतं. ब्रेड उचलायच्या आधी ती माझ्याकडे बघते."

मी म्हणाले, गेलं वर्ष आम्हाला कठीण गेलं, पण देवाने हात सोडला नाही. माझा आवाज फाटला. लोकांना वाटलं, भरून आलं. फर्गल मान डोलावत होता.

"मी परत सोफ्यावर जाऊन पडेन म्हणून ती घाबरते. आज ती आत जाऊन फर्गलशी खोटं बोलणार आहे. माझ्यासाठी. मला ते नको. खोटं बोलवून बांधलेली मुलगी मला नको आहे. सांग त्यांना."

मी म्हणाले, आई तुम्हा सगळ्यांची आभारी आहे. दोन्ही हातांनी मी माइकचा लाकडी स्टँड धरून ठेवला होता.

आई माझ्याकडे बघतच होती. रागाने नाही. बाबांचे कामावरचे दुसरे बूट कारखान्याने परत पाठवले होते, त्या खोक्याकडे ती असंच बघत बसली होती. "मेधू," ती हळू म्हणाली, "दोन वर्षं मी किचनमध्ये त्या बायकांच्या गप्पा ऐकतेय. मला इंग्रजी कळतं गं." आणि माइककडे वळून मोठ्याने, "आमेन." सगळा हॉल एका आवाजात म्हणाला, आमेन.

फर्गलची खोली छोटी होती. टेबल, दोन खुर्च्या, त्याच्या नखांत बॉयलरची काजळी. त्याने कागद पुढे ओढला आणि पहिलाच प्रश्न विश्वासाचा विचारला. मी 'हो'चा महिनाभर सराव केला होता. तो शब्द तयार होता, दातांपाशी आलेला होता. आई बाहेर खुर्चीवर बसली होती आणि तिला इंग्रजी कळत होतं. "नाही," मी म्हणाले. मग मला थंडी वाजायला लागली, दात वाजतील इतकी. फर्गलने उठून हीटर माझ्याकडे वळवला.

"ग्रँड," तो म्हणाला. तिथे या शब्दाचा अर्थ बरं, असू दे, एवढाच. "आईला माहीत आहे?"

"तिने आत्ताच सगळ्यांना सांगितलं. मराठीत."

"आणि आम्ही आमेन म्हणालो," तो कपाळावर हात ठेवून म्हणाला. मग त्याने कागद ड्रॉवरमध्ये टाकला. तुझे आईबाबा बांधले जातील, म्हणाला, तुझं मात्र मला करता येणार नाही. मी विचारलं, मग रविवारी यायचं की नाही? "खुर्च्या आपल्याकडे भरपूर आहेत, मेधा." त्याच्या त्या एका वाक्यावर मी पुढे कितीतरी वर्षं चर्चला गेले. सुट्टीला घरी आले की जायचे, नोकरी लागल्यावरही जायचे, आई होती तोवर. ब्रेड घेत नसे. आईची साक्ष शब्दाला शब्द इंग्रजीत सांगायचे. आई जाऊन आता तीन वर्षं झाली आणि माझे स्वतःचे केस रंगवायची वेळ आली, तरी माझ्या इतर मित्रमैत्रिणींना हे पटत नाही. विश्वास नाही तर जायचीस कशाला, असं ते विचारतात. त्यांनी त्या दिवशीची दुपार पाहिली नव्हती.

त्या दुपारी घरी जाताना गाडीत आईने विचारलं, "काय सांगितलंस?"

"नाही म्हणाले."

तिने मान हलवली. पुलापाशी सिग्नल लागला. वायपर काचेवर मागेपुढे होत होते. सिग्नल हिरवा झाला तरी तिने गाडी हलवली नाही. "मग तू तिकडे कुठे असशील?" तिने विचारलं. "मी आणि तुझे बाबा एकीकडे. आणि तू?"

मागच्याने हॉर्न दिला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आईने मोठं मन वगैरे करून मला मोकळं केलं नव्हतं. तिचा त्यातल्या अक्षरन् अक्षरावर विश्वास होता. तिने मला खोटं बोलू दिलं नाही, आणि तिच्या लेखी त्या सकाळी तिने मला कायमचं गमावलं होतं. वर्षभर मी तिच्यासाठी घाबरत होते. आता ती माझ्यासाठी घाबरली होती, आणि ती भीती माझ्यापेक्षा फार मोठी होती. तिच्या भीतीला शेवट नव्हता.

घरी आल्यावर ती कोट न काढता हॉलमध्ये गेली आणि सोफ्यावर आडवी झाली. तोंड सोफ्याच्या पाठीकडे. पाय सोफ्याच्या हातावर. मी दारातच उभी राहिले. ज्यासाठी मी पेपरमिंट चघळली, वाक्यं छाटली, पोलोनेक घातला, ते माझ्यासमोर होतं. मी तिच्या बोटांकडे बघितलं. चर्चचे बूट पायांत तसेच, त्यामुळे काही दिसेना. मग पाठीकडे बघितलं, कोट वरखाली होतो का ते. होत होता. मी सोफ्याला टेकून खाली गालिच्यावर बसले. तीन वाजले, चार वाजले. खिडकीतला उजेड कमी झाला. बॉयलर सुरू झाला, बंद झाला. उठून फोन कुणाला करायचा, काकाला की नोरीनला, आणि काय सांगायचं, याचा मी विचार करत होते. आई अंघोळीला गेलीय, हे आता चालणार नव्हतं.

"आई," मी म्हणाले. "आई, ऐक ना. मी इथे येतेच ना दर रविवारी? विश्वास नसताना? तुझ्या शेजारी बसतेच ना?"

तिने कोटाची कॉलर वर ओढली.

"तशीच तिथे येईन. मागे बसेन कुठेतरी."

मग सोफ्याच्या पाठीतून आवाज आला, "तिथे असं कुणालाही आत घेत नाहीत."

"मग बाहेर थांबेन."

"पाऊस असला तर?"

"आई, मी स्लायगोत वाढलेय."

तिची पाठ हलायला लागली. हसतेय की रडतेय ते मला कळेना आणि विचारायची छाती होईना. मी नुसता तिच्या कोटावर हात ठेवला. तो अजून ओला होता. हळूहळू पाठ शांत झाली. तिने कूस बदलली. केस गालाला चिकटलेले, डोळे सुजलेले. माझ्याकडे बघत, पुढच्या आठवड्याची कामं ठरवावीत अशा आवाजात ती म्हणाली, "ह्यांना सांगून ठेवीन मी. दार नुसतं लोटून ठेवा, कडी लावू नका. ती येईल."

आणि उठून बसली.